खिडकीच्या या बाजूचा खेळ



मला सांगितलंय की मोफत साधनं वापरून साधा व्हिडिओ गेम कसा बनवायचा, यावर पाऊण तास बोलायचं. मागच्या रांगेतल्या मुलांचे चेहरे बघून मला कळतंय त्यांच्या मनात काय आहे. आता ही आपा म्हणेल, मोबाईल ठेवा, पुस्तक घ्या. मी तसं म्हणणार नाही, कारण आमच्या घरात ते मी तीन वर्षं म्हणून पाहिलंय आणि त्याचा काडीचा उपयोग झालेला नाही.

२ सप्टेंबर २०२० ला पबजीवर बंदी आली त्या संध्याकाळी माझा धाकटा भाऊ जेवला नव्हता. पुढे तोच खेळ बीजीएमआय या नावाने परत आला, २०२२ च्या जुलैत तोही बंद झाला, २०२३ च्या मे महिन्यात पुन्हा सुरू झाला. या सगळ्या तारखा मला पाठ आहेत, कारण आमच्या घरातलं वातावरण त्यांच्यावर चालायचं. एकदा चिडून मी त्याला विचारलं, "अरे, तू रात्री दोनपर्यंत ज्याच्यासाठी जागतोस तो गेम बनवतो कोण?" तो म्हणाला, "कोरियावाले." मग म्हणाला, "आपल्याकडे कोण बनवणार बे?" प्रश्न त्याने सहज टाकला होता. माझ्या डोक्यात मात्र तो राहिला.

आपल्याकडे बनवतात, हे आधी सांगून टाकते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या छोट्या मंडळींनी 'राजी' नावाचा गेम बनवला. २०१७ मध्ये त्यांनी लोकांकडून पैसे गोळा करायचा प्रयत्न केला, तो फसला. तरी ते थांबले नाहीत आणि २०२० मध्ये गेम जगभर विकायला आला. पण मी आज 'राजी'सारखं काही बनवायला सांगत नाही. तो अनेक माणसांचा, अनेक वर्षांचा उद्योग आहे. आम्ही तीन जण होतो. मी, भाऊ, आणि भावाचा एक मित्र, जो वहीच्या मागच्या पानांवर चित्रं काढतो.

आमची पहिली चूक ऐका, म्हणजे तुमची तेवढी वाचेल. आम्ही ठरवलं, अख्खं नागपूर बनवायचं. झीरो माईलपासून ताजबागपर्यंत स्कूटर चालवायची, मध्ये मोमिनपुरा, गांधीबाग, महाल, सगळं थ्रीडीमध्ये. चार महिने गेले. चार महिन्यांनंतर आमच्याकडे एक झीरो माईलचा खांब होता, घोडे नसलेला, आणि एक स्कूटर होती जी सुरू केली की रस्त्यातून खाली पडायची. अक्षरशः जमिनीच्या आरपार. रस्त्याचं चित्र होतं, पण रस्ता टणक आहे हे कॉम्प्युटरला वेगळं सांगावं लागतं आणि ते आम्ही सांगितलंच नव्हतं. स्कूटर पडत राहायची, आकाशाचा निळा रंग वर जात राहायचा. भावाचा मित्र म्हणाला, "हेच ठेवू, लोक हसतील तरी." त्यातच एक पेनड्राइव्ह गेला आणि आठवड्याचं काम त्याच्यासोबत गेलं. कामाची प्रत दोन ठिकाणी ठेवा. हे मी पुन्हा सांगणार नाही.

मग दुसरंच काहीतरी घडलं, ज्याचा गेमशी काही संबंध नव्हता.

भावाच्या प्रवेशाचं वर्ष होतं. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. त्याच्या नावाच्या आधी मोहम्मद आहे, जसं इथे बसलेल्या निम्म्या मुलांच्या नावाआधी असेल. आधार कार्डावर 'मोहम्मद'. शाळेच्या दाखल्यावर 'मो.' आणि पुढे टिंब. जन्माच्या नोंदीत 'महंमद'. अब्बांच्या रेशन कार्डावर त्याचं नाव 'मोहंमद', अनुस्वार देऊन. माणूस एकच, नावं चार. एका खिडकीवर सांगितलं, दाखल्याप्रमाणे आधार करून आणा. दुसऱ्या खिडकीवर सांगितलं, आधारप्रमाणे दाखला करून आणा. शाळा सोडल्यानंतर दाखल्यातली नोंद बदलायची तर शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. राजपत्रात नाव छापून आणायचं तर त्याला दिवस लागतात. नवतपाचे दिवस होते, पारा ४५ च्या पुढे, आणि मी डोक्याला ओढणी गुंडाळून एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर. शेवटची तारीख गेली. त्या वर्षीची पूर्ण फी अब्बांनी उसने घेऊन भरली.

त्या रात्री भाऊ म्हणाला, "हा गेमच आहे आपा. फक्त रूल्स कोणी सांगत नाही."

तुम्ही 'पेपर्स, प्लीज' खेळला असाल कदाचित. लुकास पोप नावाच्या माणसाने जवळपास एकट्याने बनवलेला, २०१३ चा. त्यात तुम्ही एका काल्पनिक देशाच्या सीमेवरचे तपासनीस असता. माणसं येतात, कागद दाखवतात. नाव, तारीख, शिक्का जुळतोय का ते तुम्ही पाहायचं आणि हिरवा किंवा लाल ठप्पा मारायचा. एवढंच. ना धावणं, ना गोळीबार. तरी तासभर खेळलं की पोटात गोळा येतो. हा खेळसुद्धा ज्या हॅक्स भाषेत लिहिला गेला ती मोफत आणि मुक्त आहे. आम्ही तो पाहिला आणि ठरवलं की आपण खिडकीच्या दुसऱ्या बाजूने बनवायचा. खेळणारा रांगेत उभा. हातात कागदांची पिशवी. झीरो माईल नको, स्कूटर नको. एक खिडकी, एक रांग, एक पिशवी.

खेळ असा आहे. मोहम्मद अर्शद नावाचा मुलगा आहे, हा आम्ही कल्पलेला. त्याला सहा कागद जमवायचे आहेत आणि सगळ्यांवर नाव अक्षर न अक्षर सारखं पाहिजे. कोणता कागद आधी दुरुस्त करायचा हे तुम्ही ठरवायचं. एक दुरुस्त केला की दुसरा चुकतो. प्रत्येक फेरीला ऊन लागतं. कोपऱ्यात पाण्याची बाटली आहे, ती रिकामी झाली की तो दिवस संपला. वर कॅलेंडर आहे, त्यावर शेवटची तारीख लाल. संपलं. हे तुम्ही एका पोस्टकार्डावर लिहू शकता. आणि माझं मत असं झालंय की जो गेम पोस्टकार्डावर मावत नाही, तो पहिल्यांदा बनवायला घेऊच नये.

आता साधनं.

आम्ही गोदो वापरलं. गोदो हे गेम इंजिन आहे. इंजिन म्हणजे काय? चित्र पडद्यावर दाखवणं, आवाज वाजवणं, बोट कुठे टेकलं ते ओळखणं, दोन वस्तू एकमेकींवर आदळल्या का ते पाहणं, ही प्रत्येक गेमला लागणारी कामं आयती करून देणारं सॉफ्टवेअर. ते अर्जेंटिनाच्या दोघांनी सुरू केलं, हुआन लिनिएत्स्की आणि एरियल मान्झूर. आधी ते त्यांच्या कामापुरतं होतं, २०१४ मध्ये त्यांनी ते सगळ्यांसाठी खुलं केलं. नाव बेकेटच्या नाटकावरून आहे, ज्यात दोन माणसं एकाची वाट पाहत राहतात आणि तो येत नाही. खिडकीवरच्या खेळासाठी यापेक्षा चांगलं नाव कोणतं असतं?

ते इन्स्टॉलही करावं लागत नाही. फाईल उतरवायची, उघडायची, सुरू. जुन्या लॅपटॉपवर प्रोजेक्ट बनवताना 'कम्पॅटिबिलिटी' हा पर्याय निवडा, म्हणजे कमकुवत ग्राफिक्सवरही चालतं. आमचा लॅपटॉप सेकंडहँड, चार जीबी रॅमचा. टूडी गेमला पुरला. ज्यांच्याकडे लॅपटॉप नाहीच, त्यांच्यासाठी गोदोचा एडिटर अँड्रॉइडवरही आहे. फोनवर काम करायला बोटं दुखतात, पण सुरुवात करता येते.

गोदोमध्ये सगळं 'नोड' आणि 'सीन'मध्ये विचार करून बनवायचं. नोड म्हणजे एक तुकडा: एक चित्र, एक बटण, एक घड्याळ. अनेक नोड एकाखाली एक लावले की सीन होतो. आमची खिडकी हा एक सीन. त्यात मागे भिंतीचं चित्र, वर टाइमर, खाली कागदांची पिशवी. प्रत्येक कागद हाही वेगळा सीन, एकदा बनवायचा आणि सहा वेळा वापरायचा, फक्त आतला मजकूर बदलून. नोड एकमेकांशी 'सिग्नल'ने बोलतात. बटण दाबलं की ते हाक मारतं, "मी दाबलो गेलो", आणि ज्याला ऐकायचंय तो ऐकतो. हे एक समजलं की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं लिहायचं असतं, जीडीस्क्रिप्ट या भाषेत, जी बरीचशी पायथनसारखी आहे. कॉलेजात पायथन शिकलेल्यांना आठवड्यात हात बसेल. न शिकलेल्यांना महिना धरा. भावाने कधी एक ओळ कोड लिहिला नव्हता. रांग पुढे सरकवायचा कोड त्याचा आहे.

एक सावधगिरी. यूट्यूबवर हिंदीत गोदोचे भरपूर धडे आहेत, पण त्यातले बरेच आवृत्ती तीनचे. २०२३ च्या मार्चमध्ये आवृत्ती चार आली आणि कितीतरी नावं बदलली. जुन्या धड्यात 'कायनेमॅटिक बॉडी' म्हणतील, तुमच्या पडद्यावर 'कॅरेक्टर बॉडी' असेल. 'यील्ड' म्हणतील, आता तिथे 'अवेट' आहे. एआयला विचाराल तर तोही कधी कधी जुनाच कोड ठामपणे देतो. चूक तुमची आहे असं समजून लॅपटॉप बंद करू नका. आधी आवृत्ती पाहा.

आवृत्ती चार आपल्यासाठी आणखी एका कारणाने महत्त्वाची आहे, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. आवृत्ती तीनमध्ये मराठी नीट दिसायचंच नाही. जोडाक्षरं तुटायची, वेलांटी भलत्या अक्षरावर जायची. उर्दूची तर आणखी दैना, अक्षरं सुटी सुटी आणि उलट्या क्रमाने. रामी इस्माईल नावाचे डच-इजिप्शियन गेम डेव्हलपर आहेत. मोठमोठ्या खर्चिक गेममध्ये भिंतींवरचं अरबी कसं तुटक आणि उलटं लिहिलेलं असतं, हे ते कित्येक वर्षं व्याख्यानांमधून दाखवत आलेत. 'कॉल ऑफ ड्यूटी'च्या २००९ च्या भागात कराची शहर होतं, आणि तिथल्या दुकानांच्या पाट्या उर्दूत नसून अरबीत. करोडो डॉलरचा गेम आणि पाटी वाचून घ्यायला एक माणूस मिळाला नाही. तिथे लोक फक्त मरायला असतात, त्यांच्या दुकानावर काय लिहिलंय याची फिकीर कोण करेल?

गोदो चारमध्ये अक्षरं जुळवायची नवी व्यवस्था आली आणि देवनागरी, नस्तालिक दोन्ही नीट उमटू लागले. आम्ही मराठीसाठी मुक्ता हा फॉन्ट घेतला, मुंबईच्या एक टाइपचा, मुक्त परवान्याचा. उर्दूसाठी नोटो नस्तालिक. पहिल्यांदा 'शिष्यवृत्ती' हा शब्द बटणावर अखंड दिसला तेव्हा मी अम्मीला स्वयंपाकघरातून बोलावून दाखवला. तिला कळेना यात दाखवण्यासारखं काय आहे. नस्तालिकने मात्र छळलं. ती लिपी तिरकी खाली उतरते, त्यामुळे मराठीच्या मापाच्या बटणात मावत नाही, पोट कापलं जातं. शेवटी सगळी बटणं उर्दूच्या मापाने उंच केली. मराठीला त्याचा काही त्रास झाला नाही.

आता नावं जुळतात का ते तपासणारी ओळ. हा खेळाचा जीव आहे आणि तो खरोखर एका ओळीचा आहे. डावीकडे एका कागदावरचं नाव, उजवीकडे दुसऱ्या, मध्ये दोन बरोबरची चिन्हं. कॉम्प्युटरला मोहम्मद कोण ते माहीत नाही. त्याला अक्षरांची रांग दिसते. 'मोहम्मद' आणि 'मोहंमद' त्याच्यासाठी तितकेच वेगळे, जितके तुम्ही आणि मी.

एक दिवस खेळात फ़ातिमा नावाची पात्र घातली आणि गंमत झाली. सगळ्या कागदांवर नाव तंतोतंत सारखं, मी दहा वेळा वाचलं, तरी खिडकी नाही म्हणते. तीन संध्याकाळी गेल्या. मग कळलं. नुक्ता असलेला फ़ कॉम्प्युटरमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक, तयार अख्खं अक्षर. दोन, साधा फ आणि त्याच्यामागे वेगळं टिंब. दिसायला हुबेहूब एक, आत वेगवेगळे. भावाच्या मित्राच्या कीबोर्डने एक प्रकार टाकला होता, माझ्या कीबोर्डने दुसरा. तुलना करायच्या आधी एक प्रकार दुसऱ्यात बदलून घ्यायची ओळ घातली आणि दुरुस्त झालं. ज्यांच्या नावात ज़, फ़, ख़ आहे त्यांनी लक्षात ठेवा. ऑनलाइन अर्ज भरताना नाव एकाच कीबोर्डवरून टाका, किंवा नुक्ता सोडून द्या.

आता 'मोफत' या शब्दाबद्दल, कारण इथे आपली मुलं फसतात. मोफत दोन प्रकारचं असतं. युनिटी हेही गेम इंजिन आहे, खूप चांगलं, सुरुवातीला फुकट. सप्टेंबर २०२३ मध्ये त्या कंपनीने जाहीर केलं की ठरावीक मर्यादेपुढे गेम जितक्यांदा इन्स्टॉल होईल तितके पैसे द्यावे लागतील. जगभर ओरड झाली, वर्षभराने त्यांनी तो निर्णय मागे घेतला. पण मधल्या काळात लोकांना कळलं की दुसऱ्याच्या ओट्यावर दुकान मांडलं की काय होतं. गोदोचं तसं नाही. त्याचा परवाना असा आहे की कोणीही घ्या, बदला, विका, कोणाला काही देणं लागत नाही, आणि जे एकदा दिलं ते परत काढून घेता येत नाही. मी याला सबील म्हणते. मोहरममध्ये रस्त्यावर सरबत वाटतात तशी. प्या, बाटलीत भरून न्या, पुढे जाऊन विकलंत तरी कोणी हात धरणार नाही.

ब्लेंडर आणि क्रिता, म्हणजे थ्रीडी आणि चित्रकलेची जी साधनं आहेत, त्यांचा परवाना जरा वेगळा, जीपीएल. तो वक्फच्या जवळचा आहे. वापरा, त्यात भर घाला, पण सुधारलेलं सॉफ्टवेअर वाटलंत तर तेही सगळ्यांसाठी खुलंच ठेवावं लागेल, खाजगी करता येणार नाही. (त्यात काढलेली तुमची चित्रं मात्र तुमचीच.) आलिम मंडळींनी माझी उपमा माफ करावी. ब्लेंडरची गोष्ट तर चंद्याचीच आहे. २००२ मध्ये त्याच्या मागची कंपनी बंद पडली. टोन रूसेंडाल यांनी जगाला सांगितलं, एक लाख युरो जमवून द्या, मी ते कायमचं खुलं करतो. सात आठवड्यांत पैसे जमले. मोहल्ल्यात चंदा करून लायब्ररी उभी करणाऱ्यांना यात नवल वाटू नये.

आवाजाचं थोडक्यात. ऑडॅसिटी मोफत आहे. फोनवर रेकॉर्ड करा, त्यात कापा. आमच्या खेळातला ठप्प्याचा आवाज म्हणजे अम्मीच्या पोळपाटावर आपटलेला वरवंटा. चित्रं कमी पडली तर केनी नावाच्या डच माणसाची हजारो चित्रं आहेत, कोणत्याही अटीशिवाय. गूगलवरून चित्र उचलून गेममध्ये टाकू नका. ते दुसऱ्याचं असतं.

पहिला भाग झाल्यावर आम्ही तो लोकांना दिला. ही पायरी कोणी करत नाही आणि तीच सगळ्यात जास्त शिकवते. नियम असा की खेळणाऱ्याच्या शेजारी बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. हे किती कठीण आहे हे करून पाहा. भावाचे मित्र, जे बीजीएमआयमध्ये शेवटपर्यंत टिकतात, ते दुसऱ्या दिवशीच हरले. सगळे आधी आधार दुरुस्त करायला पळाले. आमची खाला, जिने आयुष्यात एकही गेम खेळलेला नाही, तिने फोन नाकाशी धरला, सहाही कागद एकेक करून वाचले, आणि पहिल्याच वेळी जिंकली. मी विचारलं कसं? म्हणाली, "तीन पोरांचे दाखले मीच काढले ना." पोरं गप्प.

आणि एक गोष्ट आम्हाला बदलावी लागली. आमच्या ओळखीतले एक चाचा अशाच एका खिडकीच्या मागे नोकरी करतात. त्यांना खेळ दाखवला. आम्ही खिडकीतला बाबू लाल डोळ्यांचा काढला होता, दात बाहेर. चाचांनी शेवटपर्यंत खेळला आणि म्हणाले, "बेटा, नाव जुळलं नाही तर पुढचा रकाना उघडतच नाही. मी काय करू? मलाही घरी जाऊन मुलाचाच दाखला काढायचा आहे." मला पहिल्यांदा राग आला. माझं मे महिन्यातलं ऊन मला आठवत होतं. दोन दिवस त्या बाबूचा चेहरा तसाच राहू दिला. मग भावाच्या मित्राने न विचारता नवा काढला, चष्मा, घाम, डब्याची पिशवी. आणि खेळात एक दिवस असा घातला की तुम्ही खिडकीच्या मागे बसता. तो दिवस सगळ्यात अवघड आहे.

प्रकाशित करणं सोपं आहे. इच डॉट आयओ नावाच्या ठिकाणी फुकट ठेवता येतो, ब्राउझरमध्येच खेळता येतो, उतरवायची गरज नाही. त्यासाठी गोदोची ४.३ किंवा पुढची आवृत्ती घ्या, २०२४ मध्ये ब्राउझरसाठीची एक मोठी कटकट तिथे सुटली. अँड्रॉइडसाठी एपीके काढून व्हॉट्सॲपवर पाठवता येते. प्ले स्टोअरवर टाकायचं तर एकदाच २५ डॉलर भरावे लागतात आणि नव्या खात्याला आधी काही परीक्षक जमवून दोन आठवडे चाचणी करावी लागते. मी म्हणेन, पहिल्या गेमसाठी ते सोडा.

एका बुजुर्गांनी मला विचारलं, हे हलाल आहे का, गेम म्हणजे तर जुगार. प्रश्न चुकीचा नाही. पैसे लावून खेळायच्या ॲपनी आपल्या मोहल्ल्यात किती घरं पोखरली ते सगळ्यांना दिसतंय, आणि २०२५ मध्ये तसे खेळ बंद करणारा कायदा केंद्राने केला. पण तो कायदासुद्धा पैशांचे खेळ आणि बाकीचे खेळ वेगळे धरतो. मी त्यांच्या हातात फोन दिला. त्यांनी खेळला नाही. बाजूला बसून नातवाला खेळताना पाहिलं आणि मध्येच म्हणाले, "अरे, रेशन कार्ड आधी."

नाब्लुस शहरात रशीद अबू ईदा नावाचे डेव्हलपर आहेत, सुक्या मेव्याचं दुकान चालवतात. २०१६ मध्ये त्यांनी गाझातल्या एका कुटुंबावर छोटा गेम बनवला, 'लैला अँड द शॅडोज ऑफ वॉर'. ॲपलने आधी तो 'गेम' म्हणून घ्यायला नकार दिला होता, नंतर घेतला. आपल्याकडे वेळ नाही असं म्हणताना मला ते दुकान आठवतं.

आमचा तिसरा भाग अडलाय, तेवढं सांगून थांबते. त्यात जातीचा दाखला काढायचा आहे. मोमीन, बागवान, पिंजारी, तांबोळी, आपल्या कितीतरी बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत. पण महाराष्ट्रात त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. म्हणजे अर्शदला आजोबांचा शाळेचा दाखला आणायचा. आजोबा शाळेत गेलेच नाहीत, हातमागावर बसले. मग गावाच्या कोतवाल बुकाची नक्कल काढायची. ती आम्ही खेळात काढली, धूळ उडते, पान उलटतं, मोडी अक्षरं दिसतात. नाव सापडतं. आणि जातीच्या रकान्यात लिहिलेलं असतं, 'मुसलमान'. बिरादरी नाहीच.

आता इथून खेळणाऱ्याने जिंकायचं कसं? भाऊ म्हणतो, जिंकताच येऊ नये, तसंच ठेव. मी म्हणते, जो भाग जिंकता येत नाही तो कोणी दुसऱ्यांदा उघडणार नाही. भावाचा मित्र म्हणतो, आजोबांच्या भावाचा दाखला शोधू, त्यांच्या बहिणीचा शोधू, नात्याचं झाड काढू आणि त्यातून फिरू. तिघांचं दोन महिने भांडण चालू आहे. तुमच्यापैकी कोणाच्या घरी असा रकाना भरून निघाला असेल, तर कोणत्या कागदाने निघाला ते मला सांगा, मी तो खेळात घालीन.

लॅपटॉप तिथे टेबलावर आहे, चार्जर लावलेला. चहा यायला दहा मिनिटं आहेत. मागच्या रांगेतून आधी कोण येतंय?